सोलापूरहून नोंग्रियाट: आई, बायको आणि मुलीला घेऊन मुळांच्या डबल डेकर पुलापर्यंत जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या सुट्टीत मेघालयला चाललाय, तुम्ही, वहिनी, बारा वर्षांची मुलगी आणि एकसष्ट वर्षांच्या आई. नोंग्रियाटचा झाडाच्या जिवंत मुळांचा दोन मजली पूल बघायचाय, एका दिवसात खाली जाऊन वर येता येईल का, आईंचे गुडघे अधूनमधून दुखतात तर काय करायचं, आणि सगळे शाकाहारी असल्यामुळं खायचं काय.

आधी सरळ उत्तर देतो. तुम्ही, वहिनी आणि मुलगी आरामात जाल, पण दीड महिना पाय तयार केले तरच, आणि एका दिवसात नाही, एक मुक्काम खाली करूनच. आईंना खाली नेऊ नका. त्यांनाही असा पूल बघायला मिळेल, पण तो दुसरा, त्याचं पुढं सांगतो.

मी सोलापुरातनं ग्रुप घेऊन ट्रेकला जातो, सह्याद्रीत जास्त आणि हिवाळ्यात तिकडं ईशान्येला, आणि आपल्याकडची माणसं नोंग्रियाटला कुठं फसतात ते आता तोंडपाठ झालंय. दम कमी पडतो म्हणून नाही फसत. फसतात कारण हा ट्रेक उलटा आहे. आपल्याला सवय काय, गड आधी चढायचा, दमलो की बसायचं, अगदीच नाही जमलं तर अर्ध्यातनं मागं फिरायचं, उतार तर उतार, कसंही खाली येतोच माणूस. नोंग्रियाट दरीच्या तळाला आहे. टिरना नावाच्या गावापर्यंत गाडी जाते आणि तिथनं साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या खाली उतरायच्या. उतरताना सगळ्यांना हुरूप असतो, मुलं पळतात, फोटो चालू असतात, आणि दम लागत नाही म्हणून वाटतं की उगं घाबरवलं होतं लोकांनी. मग परत निघायच्या वेळेला मांड्या आधीच थरथरत असतात आणि आख्खा चढ अजून पुढं उभा असतो. तिथं मागं फिरायचा पर्यायच नाही, कारण गाडी वर आहे.

म्हणून माझा एक नियम आहे आणि तो मी कुणासाठीच मोडत नाही: परत फिरायचं की नाही ते पहिल्या वीस मिनिटांत ठरवायचं. तेवढ्या उतारात गुडघ्याच्या वाटीखाली कळ आली, पाय वाकडा पडायला लागला, किंवा नुसती भीती वाटली, तर तिथनंच वर यायचं, कुणाला वाईट वाटलं तरी. पुढं गेल्यावर ठरवून उपयोग नाही.

आता पायांची तयारी. सोलापूर म्हणजे सगळं सपाट, सिद्धेश्वर तलावाला कितीही फेऱ्या मारल्या तरी या ट्रेकला त्याचा फारसा फायदा नाही, कारण चालण्याचा दम वेगळा आणि पायऱ्या उतरायचे स्नायू वेगळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असताना वजन झेलतो, त्यालाच सवय नसते, आणि त्याचं दुखणं त्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. तर अपार्टमेंटचा जिना वापरा. मजल्याला साधारण वीस पायऱ्या धरल्या तर पाच मजले म्हणजे शंभर, म्हणजे नोंग्रियाटची एक बाजू ही अशा पस्तीस फेऱ्यांएवढी. पस्तीस मारायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात पाच फेऱ्या, एक दिवसाआड, मग वाढवत वाढवत पंधरापर्यंत न्या, आणि उतरताना लिफ्ट घेऊ नका, खरी तयारी उतरण्यातच आहे. लोक नेमकं उलटं करतात, जिना चढतात आणि लिफ्टनं खाली येतात, फिटनेस म्हणून ते बरं असेल, इथं कामाचं नाही. जायच्या दोन-तीन आठवडे आधी एका रविवारी पुण्याला जाऊन सिंहगड पायी चढून पायीच उतरा, वरनं जीप धरू नका. दुसऱ्या दिवशी घरातला जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं नाही तर तुमचे पाय तयार आहेत असं समजा. मुलीला काही करायला लावू नका, ती तुमच्या दुप्पट पळणार आहे, तिला फक्त पळू नको म्हणून सांगायचंय.

आईंचं आता. एकसष्ट हे वय काही जास्त नाही, याच्यापेक्षा मोठी माणसं मी तिथं आरामात उतरताना बघितलीत, प्रश्न वयाचा नाहीच. दुखणारा गुडघा आणि तेवढ्या पायऱ्या हे गणित जमत नाही एवढंच. खाली दवाखाना नाही, रस्ता नाही, कुणाचा गुडघा धरला तर गावातली माणसं पाठीवर घेऊन वर आणतात आणि ते दोघांसाठीही अवघड काम आहे. मॉलिन्नाँग हे स्वच्छतेसाठी नावाजलेलं गाव, त्याच्या शेजारी रिवाई म्हणून गाव आहे, तिथं गाडीतनं उतरल्यावर थोडंसं चालून, थोड्या पायऱ्या उतरून असाच मुळांचा पूल आहे, एक मजली, पण देखणा, आणि खालनं नदी वाहते. आई तिथं काठी घेऊन दमानं जातील. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून जावा, म्हणजे आपल्याला मागं ठेवलं असं त्यांना वाटणार नाही. दुसरं म्हणजे शिलाँगपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर मॉफलाँगची देवराई. सपाट वाट, शेवाळानं भरलेली झाडं, जुने उभे दगड, आणि तिथला नियम असा की आतनं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही. गाईड घेतल्याशिवाय आत जाऊ नका, त्यांनी दाखवल्याशिवाय निम्म्या गोष्टी दिसतच नाहीत.

आणि एक आगाऊपणा करून सांगतो, तुम्ही खाली जाणार त्या दोन दिवसांत आईंजवळ वहिनीच थांबतील असं गृहीत धरून चालू नका. प्रत्येक ग्रुपमध्ये हेच होतं आणि बाईमाणूस काही बोलत नाही. त्यापेक्षा मावशी, आत्या, आईंची एखादी मैत्रीण असं कुणी बरोबर घ्या, दोघी मिळून सोहऱ्यात राहतील, गाडीनं नोहकालिकाईचा धबधबा बघतील, गप्पा मारतील, तुमच्यापेक्षा जास्त मजा करतील.

सोहरा म्हणजेच चेरापुंजी, तिथले लोक सोहराच म्हणतात, पाट्याही तशाच आहेत. नोहकालिकाई ३४० मीटर उंचीवरनं एका झेपेत खाली पडतो आणि व्ह्यू पॉइंटला गाडी जाते. दुपारनंतर धुकं भरलं की समोर नुसता पांढरा पडदा, म्हणून सकाळीच जायला सांगा. मॉसमाईची चुनखडीची गुहाही जवळच आहे, पण तिच्यात एक-दोन जागा अरुंद आहेत, वाकून, अंग चोरून जावं लागतं, आईंना विचारूनच ठरवा.

डिसेंबर निवडलात ते बरोबरच केलंत. माझ्या मते नोव्हेंबर सगळ्यात चांगला, पाऊस थांबलेला पण धबधब्यांना पाणी, आणि डोहाचा रंग निळा-हिरवा. डिसेंबर-जानेवारीतही डोह स्वच्छ असतात, धबधबे थोडे बारीक होतात इतकंच. फेब्रुवारी-मार्चला पाणी अजून कमी. जून ते सप्टेंबर फॅमिलीला घेऊन अजिबात नाही. तिथला पाऊस म्हणजे आपल्या डोक्यात बसणारी गोष्टच नाही: ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत चेरापुंजीला २६,४६१ मिलीमीटर पाऊस मोजला गेला, तो जागतिक विक्रम आहे, आणि १९९५ च्या जूनमध्ये एका दिवसात १,५६३ मिलीमीटर. म्हणजे आपल्या सोलापूरला दोन वर्षांत पडतो तेवढा त्यांच्याकडं एका दिवसात पडला. बंगालच्या उपसागरावरनं आलेले ढग बांगलादेशच्या सपाट मैदानावरनं विनाअडथळा येतात आणि खासी डोंगरांची भिंत एकदम समोर उभी राहते, ढगांना वर चढावंच लागतं आणि तिथंच सगळं पाणी सोडतात. त्या दिवसांत पायऱ्यांवर शेवाळ, जळवा, आणि नदी कधी वाढेल सांगता येत नाही.

गंमत म्हणजे याच सोहऱ्यात हिवाळ्यात पाण्याची टंचाई असते. जमीन दगडाळ, मातीचा थर पातळ, वरच्या पठारावर झाडीही कमी, पडलेलं सगळं पाणी उतारानं बांगलादेशात निघून जातं. बायका-पोरं पाणी भरताना दिसतील. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको, फक्त हॉटेलात गीझर चालू ठेवून बादल्या ओतू नका एवढंच.

डिसेंबरचा एक धोका मात्र आहे आणि तो बहुतेकांना माहीतच नसतो: अंधार. घड्याळ आपलंच असतं पण तिथं सूर्य सोलापूरपेक्षा तासाभरानं आधी उगवतो आणि मावळतोही आधी. रेखांशाचा फरकच सोळा अंशांच्या आसपास आहे. डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य जातो, दरीत तर त्याच्याही आधी, कारण डोंगराची सावली येते. आपण "अजून चारच तर वाजलेत" म्हणून चहा पीत बसतो आणि निम्म्या पायऱ्यांवर काळोख. म्हणून दिवसभराचा कार्यक्रमच दोन तास आधी सरकवा, पाच-साडेपाचला उठा, रात्री आठला झोपा. आणि प्रत्येकाकडं डोक्याला लावायची बॅटरी पाहिजे, चौघांत एक नाही. मोबाईलचा टॉर्च धरला तर एक हात अडकतो, आणि त्या पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात.

आता जायचं कसं. सोलापूरहून थेट सोयीचं असं काही नाही, पुणे किंवा हैदराबाद गाठा आणि तिथनं गुवाहाटीचं विमान बघा. हैदराबाद आपल्याला पुण्याएवढंच, थोडंसं जास्त, पण कधी कधी तिकीट स्वस्त पडतं म्हणून दोन्हीकडं बघायचं. गुवाहाटी ते शिलाँग साधारण शंभर किलोमीटर, तीन तास धरा, गुवाहाटीच्या ट्रॅफिकमुळं चारही होतात. वाटेत उमियामचा मोठा तलाव लागतो. पहिली रात्र शिलाँगला काढा. शिलाँग ते सोहरा पन्नास-पंचावन्न किलोमीटर, शेअर सुमो मिळते, पण आई बरोबर असताना आख्खी गाडी ठरवलेली बरी, तीच गाडी पुढं टिरनाला सोडेल आणि ठरल्या दिवशी घ्यायला येईल. परतीची वेळ ड्रायव्हरला सांगून ठेवा आणि त्याचा नंबर कागदावरही लिहून घ्या, खाली नेटवर्क असेल-नसेल. रविवारी कुठला मोठा प्रवास ठेवू नका, तिकडं बहुतेक लोक ख्रिश्चन आहेत, रविवारी चर्च, दुकानं बरीचशी बंद, गाड्या कमी.

सोहऱ्यात एक रात्र काढून सकाळी सातला टिरना गाठा, गाडीनं अर्धा-पाऊण तास. मोठ्या बॅगा वरच हॉटेलात ठेवा. खाली फक्त एक रात्रीचं सामान, माणशी चार-पाच किलोच्या वर नाही. इथं आपली सोलापुरी सवय आडवी येते, चादर घेतल्याशिवाय आपण घराबाहेर पडत नाही आणि टर्किश टॉवेल तर हवाच. दोन्ही वर ठेवा. होमस्टेत पांघरूण मिळतं आणि तो टॉवेल एकदा भिजला की दमट हवेत वाळत नाही, वर येताना दीड किलो जास्त होतो. पातळ पंचा घ्या. स्वेटर-जॅकेटही खाली लागत नाही, सोहऱ्यात थंडी वाजली तरी नोंग्रियाट बरंच खाली आहे, दमट आहे, डिसेंबरमध्येसुद्धा घाम निघतो.

टिरनाला बांबूच्या काठ्या मिळतात, माणशी एक घ्याच, थोड्या पैशांत मिळते आणि गुडघ्याचं निम्मं काम तीच करते. गाईडही इथनंच घ्या. वाट चुकण्यासारखी नाही, गाईड नसला तरी पूल सापडेल, पण बायको-मुलीला घेऊन अनोळखी जंगलात निघालाय तर गावचा एक माणूस बरोबर असणं बरं, आणि तो पैसा त्याच दरीत राहतो. सामान उचलायलाही माणूस मिळतो, बांबूची शंकूसारखी टोपली असते, खोह म्हणतात, तिचा पट्टा कपाळाला लावून पाठीवर घेतात आणि आपण रिकाम्या हातानं धापा टाकत असताना शेजारनं निघून जातात. भाव आधी ठरवा आणि ठरल्यावर घासाघीस करू नका.

उतरताना पाऊल थोडं तिरकं टाका, सरळ दाणदाण उतरू नका, काठी आधी खालच्या पायरीवर आणि मग पाय. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट थांबायचं, दमला नसलात तरी. पायऱ्या सिमेंटच्या आहेत, बऱ्याच ठिकाणी अरुंद आणि उभ्या. बुटाचा रबरी सोल झिजलेला नको आणि बूट अगदी कोरेही नकोत. बोटं पुढं आदळून नखं काळी पडतात, म्हणून नखं कापून जा आणि घोट्याजवळची लेस घट्ट बांधा.

दोन्ही बाजूंना जे जंगल वाटतं ना, त्यातलं बरंचसं लोकांची बागायत आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. सुपारीची उंच झाडं, त्यांच्यावर चढवलेले विड्याच्या पानांचे वेल, मिरीचे वेल, फणस, झाडू करायचं गवत, आणि तमालपत्र, आपल्या काळ्या मसाल्यात पडतं तेच. पान चुरगाळून वास घ्यायचा मोह होतो, पण ते कुणाचं तरी पीक आहे, खाली पडलेलं घ्या.

वाटेत नोंगथिम्माई गाव लागतं, तिथनं बाजूला एक फाटा रिटीमेनच्या पुलाकडं जातो. हा एक मजली, पण लांब, तीसेक मीटरचा. बरेच जण डबल डेकरच्या घाईत हा सोडतात, सोडू नका, मला तर हाच जास्त आवडतो, गर्दी नसते आणि मुळं कशी एका काठावरनं दुसऱ्या काठावर नेलीत ते इथं नीट दिसतं. पुढं नदीवर लोखंडी तारांचे झुलते पूल आहेत. खाली मोठमोठे दगड आणि पाणी दिसतं, पूल हलतो. एका वेळी थोडीच माणसं, एकमेकांत अंतर ठेवून, नजर समोरच्या टोकावर. मुलीला मध्ये घ्या, आणि पुलावर उड्या मारून तो हलवणारा एखादा हिरो भेटलाच तर तो पार होईपर्यंत थांबा.

मग परत थोडं चढून नोंग्रियाट, आणि तो उमशियांग नदीवरचा दोन मजली पूल. हा पूल बांधलेला नाही, वाढवलेला आहे. झाड म्हणजे फायकस इलास्टिका, तुमच्या-आमच्या बाल्कनीत कुंडीत जे रबर प्लांट म्हणून ठेवतो तेच. टायरचं रबर येतं ते झाड वेगळं, हे वड-पिंपळाच्या नात्यातलं. त्याला पारंब्या फुटतात. नदीकाठी झाड लावायचं, त्याच्या कोवळ्या पारंब्या सुपारीच्या पोकळ केलेल्या खोडातनं किंवा बांबूच्या आधारानं पलीकडच्या काठापर्यंत न्यायच्या, तिथं त्या जमिनीत रुजल्या की जाड व्हायला लागतात. एकमेकींना घासून-चिकटून दोन मुळांचं एक होतं. फटीत दगड, माती, पालापाचोळा भरायचा. माणूस चालण्याइतका पूल व्हायला पंधरा ते तीस वर्षं लागतात, म्हणजे जो सुरू करतो त्याला म्हातारपणीच त्याच्यावरनं जायला मिळतं, किंवा नाहीच मिळत. बांबूचा पूल त्या पावसात थोड्या वर्षांत कुजतो, पुरात वाहून जातो, आणि हा वर्षागणिक मजबूत होत जातो, कारण झाड जिवंत आहे. खालचा पूल पुराच्या पाण्याला जवळ पडतो म्हणून त्याच झाडाच्या मुळांचा वर दुसरा वाढवला असं गावकरी सांगतात, आणि त्याचं वय दीडशे-दोनशे वर्षं धरतात.

१८४४ मध्ये हेन्री यूल या ब्रिटिश अधिकाऱ्यानं खासी डोंगरातल्या अशा पुलांबद्दल लिहून ठेवलंय, म्हणजे हे टुरिस्टसाठी केलेलं काही नाही. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये असे ७४ पूल नोंदवून, मोजून त्यांच्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. पिनर्सला गावाच्या बाजूला रांगथिलियांगला तर पन्नास मीटरच्या वर लांबीचा पूल आहे. २०२२ मध्ये हे पूल युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. या पुलांना नुकसान होतं ते गर्दीनं, एका वेळी चाळीस जण उभे राहून ग्रुप फोटो काढतात, कोवळी मुळं पायाखाली चिरडतात, झाडावर नाव कोरतात. पुलावर कितीजण आणि किती वेळ थांबायचं त्याची पाटी असते, ती पाळा. गावकरी अजूनही येता-जाता नवीन मूळ दिसलं की विणकरासारखं आत ओवून देतात, ते काम कधी संपत नाही.

पुलाखालच्या डोहात उतरता येतं. पाणी गार, दगड गुळगुळीत, खोली एकदम वाढते. पोहता येत असलं तरी गुडघाभर पाण्यातनं पुढं गाईडला विचारल्याशिवाय नको. बारके मासे पायाला येऊन टोचतात, मुलीला लई आवडेल. कपडे जरा अंगभर घाला, ते गाव आहे, शेजारी लोकांची घरं आहेत.

रेनबो फॉल्स हा धबधबा म्हणजे नोंग्रियाटच्या पुढं अजून तास-दीड तास, एका बाजूनं. ही वाट टिरनाच्या पायऱ्यांसारखी नाही, दगड-मुळांतनं वर-खाली आहे. सकाळी अकराच्या आत नोंग्रियाटला पोचलात, जेवण करून साडेअकराला निघालात, तर अडीच-तीनपर्यंत परत येता. ऊन बरोबर कोनात असेल तर तुषारांत इंद्रधनुष्य दिसतं आणि खालचा डोह इतका निळा आहे की फोटोत फिल्टर लावल्यासारखा वाटतो. पोचायला बारा वाजले तर मात्र सरळ सोडून द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी करू असं म्हणू नका, त्याच दिवशी वर चढायचंय. दोन मुक्काम असतील तर गोष्ट वेगळी.

मुक्कामाचं तर मी आग्रहानंच सांगतो. एका दिवसात येणारे दहा ते दोन या वेळात येतात, त्या वेळी पुलावर आठवडी बाजार असतो. तीनला सगळे निघून जातात. मग पूल तुमचा. होमस्टे साधे, गादी, पांघरूण, मच्छरदाणी, बाथरूम बहुतेक कॉमन. डिसेंबरच्या सुट्टीत भरलेले असतात, सोहऱ्याच्या हॉटेलवाल्याकडनं आधी फोन करून घ्या. ओडोमॉस घ्या, डास आहेत. पैसे रोख न्या, सुट्टे न्या, पुलाचं तिकीट, चहा, मुक्काम सगळं रोख, खाली एटीएम नाही आणि फोन-पे नेटवर्कच्या मर्जीवर.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका. भात, डाळ, बटाट्याची किंवा कोबीची भाजी, मॅगी, चहा हे खाली मिळतंच. जादोह नावाचा भात दिसेल, तो मटणाबिटणाचा, बहुतेक डुकराचा असतो, तुमच्यासाठी नाही, भात मागताना 'व्हेज' हे दोनदा सांगा. एकाच भांड्यातला चमचा चालत नाही इतकं कडक असाल तर अवघड जाईल, तेवढं घरी आधीच ठरवून या. आणि कडक भाकरी-शेंगाचटणी न्या. हा सोलापूरचा माल ट्रेकला जेवढा चालतो तेवढा कुठला एनर्जी बार चालत नाही, आठवडाभर खराब होत नाही, वजन नाही, मीठ-तिखट पोटात जातं. घामानं मीठ जातं तिथं. ओआरएसची पाकिटं माणशी दोन, पाणी माणशी दीड-दोन लिटर, बाकी वाटेत छोटी दुकानं आहेत. बाटली, पाकीट, जे खाली नेलं ते वर आणायचं, त्या दरीत कचऱ्याची गाडी येत नाही.

माणसांबद्दल एवढंच, की खासी लोकांत आडनाव आईचं लागतं आणि घर धाकट्या मुलीकडं जातं, त्यामुळं दुकान, होमस्टे, पैशाचा व्यवहार बहुतेक ठिकाणी बाईच बघते, तिच्याशी बोला, नवऱ्याला शोधत बसू नका. मोठ्या बाईला 'काँग', पुरुषाला 'बाह' म्हणतात, निघताना 'खुब्लेई' म्हटलं की चेहरा उजळतो. सुपारी-पान पुढं केलं तर ते स्वागत असतं, पण त्यांची सुपारी ओली आणि कडक, कान गरम होतात, डोकं गरगरतं, चढायच्या आधी खाऊ नका. लहान पोरांना चॉकलेट वाटू नका, फोटो विचारून काढा.

परतीला सकाळी सहाला निघा, उजाडलेलं असतं आणि गारवा असतो. चढ तुमच्या वेगानं अडीच ते साडेतीन तास धरा. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढं ठेवायचं, बाकीच्यांनी त्याच्या मागं. शंभर पायऱ्या, मग उभ्या-उभ्याच थोडी विश्रांती, खाली बसलात की मांडी आखडते आणि उठायला त्रास होतो. दहाच्या आसपास वर याल. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही पायांना दुसरं काम देऊ नका, मॉलिन्नाँग-रिवाई याच्या आधी करून टाका, नंतर ठेवलंत तर त्या थोड्याशा पायऱ्यांवर तुम्हीच काठी मागाल आणि आई पुढं असतील.

आईंच्या गुडघ्यासाठी डॉक्टरांना दाखवून नीकॅप आणि गोळी कोणती ते विचारून घ्या, सोहऱ्यात थंडीनं दुखणं वाढतं. बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर दोन ठिकाणी विभागून ठेवा. विमानाचं आत्ताच बघा, नाताळच्या आठवड्यात शिलाँग तुडुंब असतं, जमलं तर १५-२० डिसेंबरच्या आत परत निघायचं धरा, मुलीची चाचणी परीक्षा आड येत असेल तर शाळेत विचारून ठेवा.